तांबेऱ्याची घरं लावनारे सर

पिकावर रोग पडला म्हनून पेढे वाटनारा मानूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आन् त्याच्याच घरी लातुरात मी अठरा वर्सं भांडी घासली, धुनं धुतलं, सैपाक केला. कॉलेजात शिकवायचे, मोठं नाव हाय तेंचं, पन आमच्या गल्लीत ते कुनाला ठावं न्हाई. समदे तेन्ला तांबेऱ्याचे सर म्हन्तेत. तांबेरा म्हंजे गव्हा-ज्वारीच्या पानावर तांबडी भुकटी येती, हात फिरवला की बोटं विटकरीवानी व्हतेत, त्यो. आपन ती भुकटी बघितली की कपाळाला हात लावतो. सरनं बघितली की तेंचं तोंड नवरदेवागत व्हतं. खिशातनं भिंग काढतेत, पान उलटं करतेत, सुलटं करतेत, आन् पानाशीच बोलतेत, "या, या. फार दिवसांनी." मी एकदा सरच्या बाईला इचारलं, म्हनलं, बाई, सर पाहुन्यासंगट तरी एवढं ग्वाड बोलतेत का? बाई म्हनल्या, "माझ्या माहेरची मानसं पानाला चिकटून आली असती, तर त्यायलाबी बोलले असते."

मी तिकडची, निलंग्याकडची. नवऱ्यानं दुसरी केली. भावानं चार दिवस ठेवून घेतलं, पाचव्या दिशी भावजयीनं ताटली जरा जोरात ठेवली. मी पिशवी उचलली आन् निलंग्याच्या स्टँडवर येऊन लातूरच्या येष्टीत बसले. रडायला येळ न्हवता, खिडकीची जागा धरायची व्हती. लातुरात दोन घरं बदलली, तिसरं हे भेटलं. पहिल्याच दिशी माझ्या हातनं असं काम झालं की तिथंच हाकलून द्यायला पायजे व्हतं. सरच्या खोलीत टेबलावर पानं पसरून ठेवलती, समद्यावर तांबडी धूळ. मला वाटलं, घरात पूजा हाय, पानं खाली पडलेली दिसतेत. मी वल्लं फडकं घेतलं आन् इड्याची पानं पुसतेत तशी एकेक पान दोन्ही अंगानं पुसून, देठ एका बाजूला करून रचून ठेवली. सर आले. बघितलं. खुर्चीवर बसले. एक पान उचलून म्हनले, "मावशी, अख्खं गाव पुसून टाकलंत तुम्ही." मी म्हनलं, "चुकलं का काय?" तर म्हनले, "नाही. इतकी स्वच्छ पानं मी आजवर बघितली नव्हती." आन् दुसऱ्या दिशी मला बसवून सांगायला लागले, ही भुकटी म्हंजे काय हाय ते. मला तवा वाटलं, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

तेंच्या त्या खोलीत सहा पत्र्याच्या पेट्या. पेट्यात कागदाच्या पुड्या, पुडीत वाळलेली पानं, पानावर तांबेरा. एक पेटी म्हंजे एक कूळ. तेंचं म्हननं असं, की जगात तांबेरा काय एकच न्हाई, हजारो जातीचा हाय, आन् त्येचं कूळ वरच्या तांबड्या भुकटीवरून कळत न्हाई. भुकटी बरीच सारखी दिसती. पान म्हातारं व्हायला लागलं की तांबडं संपतं आन् काळं बी, म्हंजे बियानं, धरतं, टाचनीच्या टोकाएवढं. ते बी तेंच्या उभ्या दुर्बिनीखाली ठेवलं की दिसतं, कुनाला देठ हाय, कुनाला न्हाई, कुनाचं एका खोलीचं हाय, कुनाचं दोन खोल्यांचं, तर कुनाचं बोंडागत गुच्छात. मग ज्येच्या त्येच्या पेटीत. मला हे लवकर कळलं. आमच्याकडं सोयरीक आली की म्हाताऱ्या तोंड बघत न्हाईत, आधी इचारतेत, कोनत्या घरची, मामा कोन, देवक कोनतं. सर तेच करायलेत, फकस्त लगीन लावत न्हाईत.

पन त्या पेट्यात सुख न्हवतं. परदेशातनं कागद यायचा, पुढंपुढं तर मोबाइलवरच यायला लागला, आन् त्यात असायचं की आमुक घरातले आमुक जन त्या घरचे न्हाईतच. सरचे गुडघे गेलते, तवा पेट्या उचलायचं काम माझ्याकडं. "मावशी, तिसऱ्या पेटीतले बारा जण पाचवीत न्या." मी म्हनायची, "कामून? काय केलं तेनी?" "त्यांनी काही केलं नाही, आम्हीच चुकलो. वरून सारखे दिसले म्हणून भाऊ समजलो. आता आतलं रक्त तपासतात, ते निराळं निघालं." मी म्हनलं, "आन् हे एवढी वर्सं एका पेटीत शेजारी-शेजारी नांदले, त्येचं काय?" सर चश्मा काढून पुसत बसले. म्हनले, "ते लिहायला पुस्तकात रकाना नाही." बाई दारातनं म्हनल्या, "ह्या घरात तांबेऱ्याच्या वाटन्या सरकारी मोजनीपेक्षा जास्त झाल्या. माझ्या कपाटाला मात्र तीस वर्सं कडी बसंना."

भाईर नेलं की मानूस आनखी अवघड. एकदा औशाकडं एका रानात गेलते, मी पिशवी धरायला संगट. हिवाळी ज्वारी, चांगली लागलेली. सर धुऱ्यावर, बांधावरच खाली बसले, भिंग काढलं, वही काढली. शेतकऱ्यानं लांबून बघितलं, कागद, चश्मा, पिशवी धरायला बाई. त्येला वाटलं पंचनाम्याचे सायेब आले. पळत आला. खाटलं आनलं, पानी आनलं, घरात सांगून च्या टाकायला लावला. ज्वारीचं चांगलं ताट दिसू न्हाई म्हनून आपन सरच्या म्होरं आडवा उभा राहिला आन् रोगाचं पान दाखवून म्हनला, "बघा सायेब, समदं गेलं." सरनं पान घेतलं, उजेडात धरलं आन् म्हनले, "वा. काय सुंदर आलाय हो. असा भरगच्च मी पाच-सात वर्षांत बघितला नाही." गडी माझ्याकडं बघायला लागला. मी मान खाली घातली. सर म्हनले, "एवढी एक ओळ तशीच राहू द्या. फवारू नका. मी पौषात परत येतो, तोवर काळा होईल." तोवर शेजारची दोघं-तिघं आपापल्या रानातनं रोगाची पानं कवटाळून घेऊन आलते. सर एकेकाचं बघून शाबासकी द्यायले. शेवटी पहिल्या शेतकऱ्यानं इचारलं, "सायेब, नुकसान किती टक्के लिवलं?" सर म्हनले, "नुकसान? कुणाचं?" खाटलं काढून घेतलं बगा तेनी सरच्या खालून, पन हळूच, म्हातारा मानूस म्हनून. च्या मात्र पाजला. वाटंत सर म्हनले, "किती आस्था आहे लोकांना."

सरच्या लेकीच्या लग्नात तर गंमतच. आमच्याकडं मांडवाला डहाळे आनतेत, आंब्याचे, जांभळीचे, उंबराचे, वाजवत-गाजवत. त्या उंबराच्या डहाळीला निघाला तांबेरा. पोरगी पाटावर, जावई पाटावर, आन् सर मांडवाच्या खांबाला. गुरुजी म्हनले, वधुपिता कुठाय? बाई म्हनल्या, "तुमी चालू ठेवा, तेन्ला तेंचे पाहुने भेटलेत." अक्षता पडल्या तवा सरच्या एका हातात अक्षता आन् दुसऱ्या हातात उंबराचं पान. त्यातलं कोनतं पोरीच्या डोस्क्यावर पडलं ते मी सांगत न्हाई.

मला त्यातली एकच गोष्ट खरीच आवडली. सर म्हनले, बऱ्याच तांबेऱ्यायला दोन घरं लागतेत. अर्धी जिंदगी एका झाडावर, अर्धी दुसऱ्याच जातीच्या झाडावर. दोन्ही मिळाली तरच त्येचं पुरं व्हतं. मी म्हनलं, मंग बाईचा जलमच की. सर म्हनले, "पण काहीजण दुसरं घर सोडून देतात, मावशी. एकाच झाडावर सगळं उरकतात." "आन् जगतेत?" "उत्तम जगतात." मी त्या दिशी भाकरी जरा जास्त थापल्या.

आता सांगायचं ते हे. त्या सहा पेट्यात न बसलेली एक पुडी व्हती. सरच्या उशाच्या फळीवर असायची. सर तरनेताठे असताना माहूरच्या डोंगराखाली एका काटेरी झुडपावर तेन्ला तांबेरा भेटला. झुडपाचं नाव तेन्लाच ठावं, आपल्याकडं त्येला कुनी नाव ठेवलं न्हाई, शेरडं खातेत एवढंच. भुकटी तांबडीच, पन सर म्हनायचे, तिच्या दान्यावर दुर्बिनीत दिसनारे काटे ओळखीचे न्हाईत. काळं बी पायजे. "तीन खोल्यांचं निघालं, मावशी, तर हे आजवर कुणी न बघितलेलं कूळ. सातवी पेटी." सारी जिंदगी सरनं दुसऱ्यायनी बांधलेल्या घरात एकेकाला नेऊन बसवलं, आपलं म्हनून एक घर बांधायची तेवढी इच्छा राहिलती. दर पौषात माहूरला जायचे, आन् दर पौषात काळं बी धरायच्या आत शेरडायनी झुडूप साफ केलेलं असायचं. समदे देवीला म्होरं जायचे, सर खाली शेरडायच्या मागं. बाई म्हनायच्या, "रेणुकामायनं बोलावलं तरी हे झुडपापर्यंतच जातेत."

मंग सरला काचबिंदू झाला. डॉक्टरनं सांगितलं, हाय तेवढी नजर सांभाळा, गेलेली येत न्हाई. हाय तीबी दर म्हयन्याला कमी व्हायली. सरनं ती पुडी फळीवरनं काढून टेबलावर ठेवली. मला कळलं, आता एकच पौष हाय.

माझी धाकटी बहीण माहूरला ओटीचं सामान इकती, खन-नारळ, बांगड्या. म्हनलं, मी जाते. सर म्हनले, झुडपाला कुंपन करून या. वनखात्याची जागा, कुंपन कोन करू देतंय? मी माझं डोकं चालवलं. झुडपाच्या बुडाशी एक गोल धोंडा ठेवला, तेल-शेंदूर लावला, दोन हिरव्या बांगड्या ठेवल्या. शेंदराच्या धोंड्यापाशी कुनी गुराखी शेरडं सोडत न्हाई. लई खुशीत लातूरला आले. सरला सांगितलं तर म्हनले, "मावशी, चाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही."

म्हयन्यानं बहिनीचा फोन आला. "अक्का, तुझ्या झुडपाला लोकं नवस बोलायलेत."

म्हनलं, "कशाचा गं?"

"आंगावरच्या खाजंचा. पानाला तांबडे डाग हायत न्हवं, देवीनं लोकायची खाज आपल्यावर घेतली म्हन्तेत. पानं घरी नेऊन उगाळून लावायलेत."

"आगं पानं तोडू नगं म्हनावं त्यायला."

"मी कशाला म्हनू? माझ्या बांगड्या खपायल्यात." वरून म्हनती, "तू काळजी करू नगं, चार पानं तुझ्यासाठी काढून ठिवलीत. कंडक्टरबरोबर लावून देते."

पानं आली. बहिनीनं केळीच्या पानात बांधून दिलती, प्रसादागत. लालभडक. सरनं भिंग लावलं, पान नाकाला टेकवलं. "इतका दाट, मावशी, इतका दाट कधीच नव्हता." मंग पान त्या उभ्या दुर्बिनीखाली घातलं, उरलेल्या नजरंचा डोळा लावला, लई येळ बघितलं. सर सरळ झाले आन् अगदी शांतपने म्हनले, "शेंदूर आहे." बाईनं पदर तोंडात धरला, तरी हसू भाईर आलं. म्हनल्या, "असू द्या. देवी सवताहून घरी आली, नारळ तरी फोडा." सरबी हसले. पन हसताना तेनी डोळे चोळले ते मी बघितलं.

पौषात मीच गेले. धोंड्याला आता छप्पर केलतं, झुडपाला चोळीचे खन बांधलेले, आन् वरच्या अंगाला औषधाला पान न्हवतं. म्होरं एक बाई लेकराला घेऊन हात जोडून उभी. मीबी जोडले. धोंडा मीच ठिवलता, पन लोकं येवढ्या भावानं येतेत तर आपन कामून मोडायचं. मंग मागच्या अंगानं, जिथं काटे दाट, तिथं पोटावर सरकत खाली शिरले. ती बाई म्हनली, "आजी, काय नवस हाय वो येवढा अवघड?" म्हनलं, "एका मास्तरचा हाय." खाली जिमिनीला टेकलेल्या चार फांद्या व्हत्या. पानं पिवळी पडलेली, आन् पालथी केली तर काळे ठिपके. टाचनीच्या टोकाएवढे. पाठ खरचटली, लुगडं फाटलं, पन पानं बिनशेंदराची भेटली.

लातूरला आले तर सरची नजर आनखी उतरलती. खिडकी कुठं हाय तेवढं दिसायचं. तरी काचंवर पान्याचा थेंब तेनीच टाकला, पात्यानं काळं बी तेनीच खरडलं, सारं चाचपून. डोळा लावला. उठले. म्हनले, "मला धुकं दिसतंय. मावशी, तुम्ही बघा."

मी दुसरी शिकलेली. त्या दुर्बिनीवरची धूळ अठरा वर्सं पुसली, आत कधी बघितलं न्हवतं. डोळा लावला. आधी मला माझीच पापनी दिसली. मंग सरनं ते चाक फिरवायला शिकवलं, आन् एकदम सामनी आलं. तपकिरी दाने, उजेड आरपार, आन् एकेकाला लांब देठ.

"काय दिसतंय?"

"गव्हाच्या दान्यागत हाय. मधी करदोडा बांधल्यागत आवळलंय. खाली देठ."

"किती खोल्या?"

मी मोजल्या. दोन. दोन खोल्या आन् देठ म्हंजे पहिली पेटी. सगळ्यात गर्दीची, जिच्यात गव्हाचाबी तांबेरा, ज्वारीचाबी, रस्त्यावरच्या गवताचाबी. मी वर बघितलं. दारात बाई उभ्या. आयुष्यभर तांबेऱ्याला शिव्या दिल्या त्या बाईनं मला तीन बोटं दाखवली. डोळ्यानं गयावया करायल्या. तीन म्हन. सरला कुठं दिसनार व्हतं. माझ्या जिभेवरबी तीन आलतं.

पन माझ्या नवऱ्यानं दुसरी केली तवा अख्ख्या गल्लीनं मला आठ दिवस खोटं सांगितलं, मला बरं वाटावं म्हनून. नवऱ्याचा राग कवाच गेला. त्या आठ दिसाचा अजून गेला न्हाई.

मी म्हनलं, "दोनच हायत सर."

"दुसरा दाणा बघा."

"दोनच."

"आणखी पाच-दहा बघा. सावकाश."

मी बघितले. समदे दोन खोल्यांचे. सांगितलं. मंग तेनी खुर्ची वढली आन् इचारायला लागले, टोकाला जाडी हाय का, टोपीगत, देठ किती लांब, दान्याच्या दुप्पट का तिप्पट, रंग टोकाला गडद का बुडाला. दोन घंटे. मी सांगत गेले, ते चाचपत मोठ्या अक्षरात लिहीत गेले, वळी एकावर एक चढायल्या. शेवटी म्हनले, "नवी जात असू शकेल. कूळ मात्र जुनंच. पहिल्या पेटीत ठेवा. गव्हाच्या शेजारी." मी ठेवली. पेटी लागंना, इतकी भरलेली. गुडघ्यानं दाबून लावली.

सैपाकघरात बाईनं मला धरलं. "एक बोट जास्त सांगितलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?"

मी म्हनलं, "मंग उद्या तेनी नवी पेटी आनाय लावली असती बाई, आन् तुमी-मी रोज तिच्याकडं बघत बसलो असतो."

बाई भाजी हलवत राहिल्या, करपली तरी हलवत राहिल्या.

दुसऱ्या दिशी दुपारी मी च्या घेऊन खोलीत गेले, तर बाई त्या दुर्बिनीवर वाकलेल्या. चश्मा कपाळावर चढवलेला, एक डोळा गच्च मिटलेला. सर शेजारी खुर्चीवर, तोंड खिडकीकडं.

बाई म्हनल्या, "हे एवढं देखनं असतंय, ते कधी सांगितलं न्हाई मला."

सर म्हनले, "चाळीस वर्षं तेच सांगत होतो."

बाईनं डोळा काढला न्हाई. सर म्हनले, "रंग कसा आहे?"

"चिंचोका उनात धरल्यावर दिसतो तसा."

"आणि कडेला?"

"कडेला गूळ. पातळ गूळ. थांबा, हलू नका, तुमचा धक्का लागायलाय टेबलाला."

मी च्याचे कप टेबलावर ठेवायला गेले, तर जागा न्हवती, आन् दोघायपैकी कुनाचं ध्यान न्हवतं. तशीच परत फिरले. च्या एकदा गरम केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला न्हाई.